पिशवीला घाम नव्हता

डोळे मिटायचे नाहीत, असं मथुरा स्वतःला बजावते आणि बजावता बजावताच तिची मान पुढे कलते. काल संध्याकाळपासून ती तालुक्याच्या या सरकारी दवाखान्यात उभी आहे. बदलीची सिस्टर आलीच नाही, तिच्या पोराला ताप. आता दुपार भरात आलीय. बाळंतिणींच्या वॉर्डातला पंखा हवा कमी आणि आवाज जास्त देतोय. मथुरा खिल्लारे सिस्टर स्टुलावर बसून दीपमालाला चढणाऱ्या रक्ताकडे बघतेय.

दीपमाला सकाळी बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली ठणठणीत, पण आईचं रक्त फार गेलं. ओठ पांढरेफटक पडलेत. नवरा जिल्ह्याच्या रक्तपेढीत धावला, बर्फाच्या डब्यातून पिशवी घेऊन आला. ती आत्ताच लावलीय. पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही, असा नियम आहे, कारण रक्त मानवणार नसेल तर ते बहुतेक सुरुवातीलाच कळतं. मथुरा हललेली नाही. फक्त डोळ्यांवर तिचं काही चालत नाही. थेंब पडतो. पुढचा पडायला वेळ लावतो. तेवढ्यात कुणीतरी तिच्या दंडाला चिमटा काढतं.

"झोपलीस?"

"नाही बाई."

सालोमीबाई पारधे उभ्या आहेत. मथुरेला ज्यांनी हाताला धरून, म्हणजे खरं तर चिमटे काढून, काम शिकवलं त्या मेट्रनबाई. गेल्या वर्षी नाताळाआधी त्या वारल्या. मथुरेनं त्यांच्या शवपेटीवर मूठभर माती टाकली होती. ती माती बाईंच्या पांढऱ्या निऱ्यांवर अजून आहे आणि मथुरेला त्याचं काहीच नवल वाटत नाही. उलट बरं वाटतं. मोठं माणूस आलं, आता आपण जरा टेकलं तरी चालेल.

"दमले हो बाई."

"दिसतंय. तोंडाचं पोतेरं झालंय."

"मेल्यावर तरी झोप मिळते का?"

"कसली झोप! तिथंही कुणी ना कुणी सिस्टर, सिस्टर करतंच."

दोघी चालू लागतात. वॉर्ड संपतो तिथून नर्सिंगच्या वसतिगृहाची मेस सुरू होते. जेवायच्या लांब बाकांवर बाळंतिणी निजल्यात. बाई एकेकीचं पांघरूण सारखं करत जातात. कुणाला तहान लागलीय, कुणाचं बाळ रडतंय. मथुरेला वाटतं, आता इथंही आपलीच ड्यूटी, आणि तिला रडू येतं. डोळे पुसते तर समोर चर्च आहे. मधल्या वाटेत कुणीतरी शेगडी पेटवून ठेवलीय. बाई तिच्यापाशी बसतात, निखाऱ्यावर हात धरतात.

"रक्त लावलंस ना? मग सांग. खाटेवर कोण?"

"दीपमाला."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. नाव काय विचारलं, तिनं तोंडानं सांगितलं."

"तूच दीपमाला ना, असं नाही विचारलंस?"

"नाही बाई. तसं विचारलं की बिचाऱ्या कशालाही हो म्हणतात. तुम्हीच शिकवलंय."

"गट?"

"जुळला. पिशवीचा नंबर मी वाचला, डॉक्टरांनी वाचला. तारीख बघितली. ताप, नाडी, सगळं बघितलं."

"शहाणी आहेस." बाई हात चोळतात. "पिशवीला घाम आला होता?"

मथुरा आठवून बघते. बर्फातून काढलेली पिशवी अशा उन्हाळ्यात बघता बघता ओली होते. हातातून निसटेल इतकी ओली. एरवी ती पदरानंच पुसावी लागते. आज तिनं पदराला हात लावलेला नाही.

"कोरडी होती," ती म्हणते. "बाई, कोरडी होती हो."

बाई शेगडीकडे आणखी सरकतात. शेगडीला इतक्या चिकटून बसूनही त्या थरथरतायत. दात वाजतायत.

"बाई, काय होतंय?"

"हुडहुडी भरलीय गं. कंबर धरलीय, कुणी पिळून काढावी तशी. जीव घाबरतोय माझा." तोंड बाईंचं आहे, आवाज मात्र कोवळा, कुणा पोरीचा.

"मी काय करू?"

"मला काय विचारतेस? मी गेलेली बाई." आता आवाज बाईंचाच आहे, खणखणीत. "जी आहे तिचं बघ. आधी बंद कर. विचार मागाहून!"

नळी चर्चच्या आढ्यापासून खाली लोंबतेय. मथुरा तिचं थेंब बंद करायचं चाक धरते. चाक हलत नाही. अंगात ताकद उरलेली नाही, एकदा तर सोडून द्यावं असंही मनात येतं. मग तिच्या अंगठ्यावर बाईंचा गार हात येतो. दोघी मिळून दाबतात.

चाक फिरतं.

मथुरा स्टुलावर नाही. ती उभी आहे, सलाइनच्या स्टँडला धरून, आणि अंगठा नळीच्या चाकावर दाबलेला आहे. थेंब थांबलेत. खाटेवर दीपमाला पांघरुणाखाली कापतेय.

"बाई... थंडी वाजतीय. कंबर लई दुखतीय."

पुढचं मथुरेचे हात करतात. रक्ताची नळी पूर्ण काढते, सुई तशीच ठेवून नव्या नळीनं सलाइन लावते. "मॅडम!" अशी हाक देते की अख्खा वॉर्ड उठून बसतो. डॉक्टर मॅडम पळत येतात. ताप चढलाय, नाडी धावतेय. नाव, गट, नंबर पुन्हा पडताळतात. सगळं बरोबर. पिशवी फेकायची नाही, रक्तपेढीला तपासायला परत जायची, म्हणून मथुरा ती बाजूला ठेवते आणि दाराशी नातीला घेऊन उभ्या असलेल्या दीपमालाच्या सासूकडे वळते.

"गयाबाई, मी दुसऱ्या बाईसाठी बाळंतपणाच्या खोलीत होते तेव्हा डबा तुमच्यापाशी होता. उघडला होता?"

गयाबाई गोंधळतात. "व्हय. लई गार व्हती ओ पिशवी. वली बाळंतीन, तिच्या अंगात बर्फावानी रगत कसं घालावं? भाईर शेकायचं पानी तापलंच व्हतं, त्यात ठिवली जरा. मंग पुसून डब्यात घातली. म्या काय चुकले का बाई?"

मथुरेच्या तोंडाशी जे येतं ते बोलण्यासारखं नाही. तिला खूप राग येतो, गयाबाईंचा, न आलेल्या सिस्टरचा, स्वतःच्या कोरड्या हातांचा. पण म्हातारीचे ओठ थरथरायला लागलेत.

"गरम पाण्यात रक्त नासतं, गयाबाई," ती म्हणते. "वरून कळत नाही. गार असलं तरी हळूहळू सोडलं की अंगच त्याला ऊब देतं. पिशवीला हात लावायचा नाही, मला विचारायचं."

"पोर वाचंल का?"

ते मथुरेलाही हवंय, दुसरं काही नको. तिला आता झोपसुद्धा नको. ती खाटेशी बसून राहते. औषधं जातात, सलाइन जातं, दुसऱ्या पिशवीसाठी नवरा पुन्हा जिल्ह्याला पळतो. उन्हं कलतात तेव्हा थंडी थांबलेली असते आणि दीपमालाची लघवी लाल नाही, नेहमीच्या रंगाची असते. मॅडम ती बघून पहिल्यांदाच खाली बसतात.

"थोडक्यात वाचली. फार थोडं आत गेलं होतं. थंडी वाजते म्हणाली आणि तुम्ही लगेच बंद केलंत ना?"

मथुरा काही बोलायच्या आत गयाबाई सांगतात, "न्हाई, पोर तवा गप पडली व्हती. बाईच उठल्या. डोळे मिटलेले, आन् व्हय बाई, व्हय बाई करत नळी दाबली. म्या म्हनलं, पूजाबिजा करत्यात का काय."

मॅडम हसतात, थट्टा समजतात आणि दुसऱ्या खाटेकडे जातात. मथुरा आपला उजवा हात बघते. अंगठ्याच्या पेरावर चाकाच्या दात्यांची ओळ उमटलीय, जांभळी, खोल. इतक्या वेळात ती विरायला हवी होती. पेर हलवलं तरी दुखतंय.

गयाबाई तो अंगठा आपल्या दोन्ही हातांत घेतात, उजेडाकडे वळवून बघतात.

"अगं मायबाई! एवढा जोर आनला कुठून?"

मथुरा हात तसाच त्यांच्या हातांत राहू देते.