सातव्या मिनिटाची किंकाळी

त्या रेकॉर्डमध्ये सातव्या मिनिटाला एक बाई मरता मरता किंचाळते, अशी आमच्या बार्न्झली गावभर कुजबुज होती. लंडनची पोरं म्हणे पडदे ओढून ती किंकाळी ऐकत बसत. आमच्या गल्लीनं तर मारेकरीसुद्धा ठरवून टाकला होता: कामगार क्लबाचा सेक्रेटरी, क्लिफर्ड आर्मिटेज. तोंडवळा होताच तसा.

डोरीन हॅटर्सली त्याला पुरती ओळखून होती. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं पोरांना बटाटे वाढलेली ही बाई. जीभ पळीपेक्षा लांब. दर रविवारी क्लबात स्टेजला लागूनचं टेबल तिचं. अर्धा ग्लास काळी बिअर आणि हाउजी. हाउजी सुरू झाली की खोकणाऱ्याकडेही तिथे खुन्नसनं बघत.

त्या रविवारी मार्टिन थॅकरेच्या बँडनं आपली पहिलीवहिली रेकॉर्ड क्लबातच, लोकांसमोर टेप करायला घेतली. क्लबाचा माइकही त्यांच्याच टेपला जोडलेला. यांच्यात गाणारा कोणी नाही. पाच-सहा मिनिटं गिटारची एक तार कुरकुरते आणि मग एकदम आभाळ कोसळतं.

"वॉशिंग मशीनमध्ये वीट टाकलीय मेल्यांनी," डोरीन म्हणाली.

तार विझत विझत गेली, तसं क्लिफर्डला वाटलं, सुटलो. त्यानं माइक ओढला आणि आकडे पुकारायला लागला. बँडवालेही हट्टी, थांबेनात.

डोरीनला तिकीट भरायला एकच आकडा हवा होता.

"चार नि सहा, शेहेचाळीस!"

त्याच क्षणी ड्रम कोसळले. डोरीन उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडली, "हाउस!"

"एक नि दोन, बारा," क्लिफर्ड म्हणाला. बारावर त्याच्या मेव्हणीचं हाउस झालं.

पुढचा आकडा पुकारायच्या आत ओरडलं तरच हाउस, हा नियम.

"मी आधी ओरडले!"

"उशिरा, डोरीन. या वयात खोटं बोलायचं?"

"मेव्हणीसाठी क्लबसुद्धा विकशील तू, लबाडा!"

एवढ्यावरून क्लबाच्या समितीनं तिला बाहेर काढलं. खोटारडी म्हणून गाव चिडवू लागलं. खाटीकसुद्धा म्हणे, "काय हवं ते आधी सांग हं डोरीन, नंतर नको." अकरा महिने हे चाललं.

मग रेकॉर्ड निघाली. मार्टिन स्वतः एक प्रत घेऊन आला. "मावशी, सातवं मिनिट ऐका."

तिनं ऐकलं, कोट चढवला आणि थेट समितीच्या बैठकीत घुसली.

"हे काय आणलंस?" अध्यक्षांनी विचारलं.

"पुरावा. लावा आणि गप बसा."

सहा मिनिटं तार कुरकुरली. एकानं जांभई दिली.

"बंद करा ते, डोकं उठलं," क्लिफर्ड म्हणाला.

"का रे, पोटात गोळा आला?"

ड्रम कोसळले. किंकाळी आली. तिच्यामागोमाग, बाराच्या आधी, माइकला अगदी चिकटून एक दबका पुरुषी आवाज: "गप बस, डोरीन."

कोणी क्लिफर्डकडे बघेना. अध्यक्षांनी बंदीचा कागद फाडला. डोरीननं आपलं टेबल परत घेतलं. क्लिफर्डशी मात्र मरेपर्यंत बोलली नाही.

तर त्या रेकॉर्डवर कोणी मरत नाही. डोरीन बाराच्या आधी ‘हाउस’ म्हणून ओरडली होती, आणि क्लिफर्डनं ते ऐकलं होतं.