दोन पिवळी पाकिटं

“पोरगी हुशार शे, पन बोलस नही,” भाऊ म्हणाले.

ते मला म्हणाले नाहीत, शेजारी बसलेल्या मुनीमजींना म्हणाले. मी ऐकलं, कारण मी तिथेच होते. दोंडाईच्यातल्या त्यांच्या दुकानात गल्ल्याजवळच्या डब्याला नितेशने मोबाइल टेकवून ठेवला होता, त्या मोबाइलमध्ये. माझा कॅमेरा बंद, माईक म्यूट. मला पंख्याचं पातं आणि भाऊंची अर्धी टोपी दिसत होती. कॉल अजून जोडला गेला नाही असं त्यांना वाटत होतं. मुनीमजी हसले. मीही हसले असते, पण मी जळगावात माझ्या खोलीत एकटी होते आणि एकटीने हसायची सवय मला तोवर लागली नव्हती.

मी पॅकेजिंग डिझायनर आहे. किराणा दुकानात पापड, मसाले, डाळींची जी पाकिटं टांगलेली असतात, त्यांच्यावर कोणता रंग, कोणतं चित्र, कुठलं अक्षर किती मोठं, हे मी ठरवते. जळगावात माझा छोटा स्टुडिओ आहे. मी आणि अमळनेरहून येणारी वैशाली, एवढाच स्टाफ. लॉकडाऊन लागला तशी वैशाली घरी अडकली. स्टुडिओतला कॉम्प्युटर मी मेहरूणमधल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर आणला. आई-बाबा धुळ्यात. जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागत होता, आणि पास मागायच्या कारणांमध्ये ‘घरची आठवण येते’ हे कारण नव्हतं. आई रोज फोन करायची. मी रोज सांगायचे, सगळं ठीक आहे, काम चालू आहे.

काम चालू होतं, पण माझ्या पद्धतीने होत नव्हतं. माझी पद्धत अशी. डिझाइन तयार झालं की मी त्याचं डमी बनवते. म्हणजे कागदावर छापायचं, घडी घालून चिकटवायचं, आत तांदूळ भरायचे. खरं पाकीटच वाटतं. ते घेऊन क्लायंटच्या दुकानात जायचं, काउंटरवर ठेवायचं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसायचं. लोक पाकीट कसं उचलतात, कुठे आधी बघतात, उलटं धरतात का, ते पाहायचं. विचारलं तर सगळे ‘छान आहे’ म्हणतात. पाहिलं तर खरं कळतं. बोलायचा प्रश्न त्यात फारसा येत नाही, आणि मला ते बरं वाटायचं. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी लिहिताना मला विचार करायला वेळ मिळतो, बोलताना मिळत नाही. समोरचा जरा हसला की माझं वाक्य अर्ध्यातच संपतं.

भाऊंचं दुकान जुनं. मिरची आणि मसाल्याचं. स्वतःची गिरणी. लग्नसराईच्या ऑर्डरी गेल्या, हॉटेलं बंद झाली, आणि सुटा मसाला घ्यायला गिऱ्हाईक घाबरायला लागलं. पाकीटबंद आहे का, असंच प्रत्येक जण विचारायचा. म्हणून भाऊंनी पाकिटं काढायचं ठरवलं. ती बाजारात आली नाहीत तर गिरणी बंद ठेवावी लागेल, हे नितेशने मला या कामाच्या पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं. नितेश म्हणजे त्यांचा मुलगा.

पाकिटं दोन. एक कांदा-लसणाचा काळा मसाला, आपल्याकडे सगळ्या घरांत लागतो तो. दुसरा बिनकांदा-लसणाचा, जैन मसाला. भाऊंचं घर जैन. पहिला मसाला ते विकतात, खात नाहीत. दुसरा ते स्वतः खातात, आणि त्यांच्या समाजातली कितीतरी घरं फक्त त्यांच्या शब्दावर घेतात.

भाऊंना दोन्ही पाकिटं पिवळी हवी होती. पिवळा हा दुकानाचा रंग, पाटीपासून पिशवीपर्यंत. दुसरं कारण सिलिंडरचं. असं पाउच छापताना प्रत्येक रंगाला एक सिलिंडर लागतो. सिलिंडर म्हणजे जाडजूड रोलर, त्यावर चित्र कोरतात. एकदा कोरलं की खोडता येत नाही. दोन्ही पाकिटांचे रंग एकच ठेवले तर बाकीचे सिलिंडर दोन्हींना चालतात, फक्त काळ्या अक्षरांचा वेगळा करावा लागतो. अशा दिवसांत हे म्हणणं चुकीचं नव्हतं.

पण मला ते पटेना. लॉकडाऊनच्या आधी, त्यांच्या पिशवीच्या कामासाठी, मी त्या दुकानात दोनदा स्टुलावर बसले होते. तिथला माणूस नाव न वाचता नुसत्या रंगावरून पुडा ओढतो. आणि जीजी. जीजी म्हणजे भाऊंची मोठी बहीण, त्याच घरात राहते, स्वयंपाकघर तिच्या हातात. तिने जन्मात लसणाला हात लावलेला नाही. दुकान आणि घर यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे. जीजी पडद्यातून येते, हवं ते फळीवरून उचलते आणि आत जाते. अक्षर वाचताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

आर्टवर्क, म्हणजे छपाईची अंतिम फाइल, मी त्यांच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. भाऊंचा अंगठा आला. मग धाकट्या भावाचा, मग सुनांचे, मग सुरतच्या जावयाचा. त्या घरात भाऊंच्या अंगठ्यानंतर दुसरं काही येत नाही. मी जरा धीर करून खाली लिहिलं, की दोन्ही पाकिटांचा रंग एक ठेवला तर अदलाबदल होईल, कृपया जैन मसाल्याचा रंग वेगळा ठेवावा.

त्यालाही अंगठे आले. भाऊंचा पहिला. सुरतहून जोडलेले हात.

मला वाटलं, मान्य केलं. मी नितेशला विचारलं, मग कोणता रंग घेऊ? त्याचा उलटा प्रश्न, कसला रंग? भाऊंनी ओके केलंय ना, पाठवा पुढे. माझा मेसेज कुणी वाचलाच नव्हता. भाऊंनी काही तरी आलं म्हणून अंगठा दिला होता, आणि बाकीच्यांनी भाऊंनी दिला म्हणून.

अशा वेळी फोन करायचा असतो, हे मला माहीत होतं. नंबर उघडून मी त्याच्याकडे बघत बसायचे.

गुजरातमधल्या छपाई कारखान्यातून रोज विचारणा होत होती. त्यांच्याकडे मोजकी माणसं आणि मोठी रांग. फाइल दिली नाही तर नंबर मागे जाणार होता. मी दोन्ही डमी बनवून स्वयंपाकघरातल्या फळीवर शेजारी शेजारी ठेवली. मग स्टूल ओढून समोर बसले. बराच वेळ बसले. ती उचलायला घरात दुसरं माणूसच नव्हतं. मी स्वतः नाव न वाचता झटकन एक उचलून पाहिलं, पण मीच ठेवलेली, मला कोणतं कुठे ते ठाऊकच. खालच्या मजल्यावरच्या काकूंना बोलवावं असं मनात आलं. त्या दिवसांत कुणी कुणाच्या दारात उभं राहत नव्हतं.

शेवटी मी नितेशला लिहिलं, दोन्ही फाइली दुकानातल्या प्रिंटरवर छापा, चिकटवा, मसाला भरा आणि काउंटरवर ठेवा. मला व्हिडिओ कॉलवर नुसतं बघायचं आहे. त्याला हे विचित्र वाटलं असावं, पण त्याने केलं. तोच हा कॉल.

भाऊंचं बोलणं संपल्यावर मी कॅमेरा सुरू केला. नितेशने मोबाइल सरळ केला. सेलोटेप लावलेली दोन पिवळी पाकिटं दिसली. भाऊंनी एक हातात घेऊन वजन केल्यासारखं हलवलं आणि म्हणाले, “छान. एकदम कंपनीचं वाटतं.” मी चॅटमध्ये रंगाबद्दल लिहिलं. चॅट कुणी पाहिलं नाही. भाऊ मुनीमजींशी वाहतुकीबद्दल बोलायला लागले.

तेवढ्यात पडदा हलला आणि जीजी बाहेर आली. काउंटरशी थांबली. पाकिटांकडे पाहिलं.

“यातलं आपलं कोणतं?” तिने विचारलं.

“नाव लिहिलंय ना जीजी,” नितेश म्हणाला.

“चष्मा लावत जा,” भाऊ हसून म्हणाले. मुनीमजीही हसले.

जीजी “हां, हां” म्हणाली आणि पडद्यापाशी सरकली. तो चेहरा मला चांगला ओळखू आला. हसण्यावारी गेलं की माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही.

भाऊ मोबाइलकडे वळले. मग करायचं ना फायनल, कळवून टाका कारखान्याला, असं म्हणून त्यांनी कॉल बंद करायला बोट पुढे आणलं.

पुढचं आधीच सांगते. आमचा छपाईचा नंबर गेला आणि पाकिटं उशिरा आली. जैन मसाल्याचं पाकीट हिरवं निघालं, त्याला वेगळा सिलिंडर लागला. भाऊ काही दिवस माझ्याशी तुटक वागले. नंतर त्यांनी पापडाच्या पाकिटाचं काम दिलं, तेही ग्रुपवर न टाकता फोन करून. गिरणी चालू राहिली. माझ्या खोलीत फारसं बदललं नाही. कॉल संपला की तेवढीच शांतता असायची. एक मात्र शिकले. अंगठा म्हणजे मंजुरी नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘पाहिलं’ असाही नसतो. आता मी कुठलीही फाइल अंगठ्यावर पुढे पाठवत नाही.

त्या दिवशी भाऊंचं बोट स्क्रीनवर येईपर्यंत मी माईक उघडला होता. आवाज माझाच होता, पण जरा मोठा निघाला. दुकानातले सगळे दचकून मोबाइलकडे बघायला लागले. पडद्याजवळून जीजीही.

“भाऊ, थांबा,” मी म्हणाले. “यातलं घरचं पाकीट कोणतं, ते जीजींना उचलू द्या. आणि कुणी सांगायचं नाही.”