सैल राहिलेलं कडं

संजीवला स्वस्थ बसता येत नाही. नागपूरहून अमेरिकेतल्या बॉथेलला येऊन सव्वीस वर्षं झाली. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर तपासतो आणि घरी आला की कशाचे तरी स्क्रू काढत बसतो. डिशवॉशर बिघडला नसला तरी उघडतो. मी त्याचा शेजारी, म्हणजे पाना धरायला हक्काचा माणूस.

जानेवारीत त्याने इलाची स्नोमोबिल उघडली. इला त्याची मुलगी, तेवीस वर्षांची, हॉस्पिटलात नर्स. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर डोंगरातल्या बर्फात ही गाडी उधळायची, हा तिचा छंद. ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे खालचा रबरी पट्टा फिरवणारा दांडा, खरखरायला लागला होता. दुकानवाला तीन आठवड्यांनंतरची तारीख देत होता.

"दुकानात कशाला? मी काय मेलोय?" संजीव म्हणाला.

सील फाटून पाणी आत गेलं होतं, दोन्ही टोकांची बेअरिंग्ज गंजली होती. शनिवारी दुपारपर्यंत त्याने नवी बेअरिंग्ज बसवली, नवी सील लावली, ऑइल भरलं. काम देखणं झालं होतं, उगाच नावं ठेवणार नाही.

तेवढ्यात सुलेखावहिनी दारात. "अहो, चार वाजता बायका येणार! चपला कुठे काढतील?"

आमच्याकडे हळदीकुंकू म्हटलं की गॅरेज हेच चपलांचं घर. चाळीस बायकांचे बूट काय बाहेर पावसात ठेवायचे? आम्ही दोघांनी घाईघाईने गाडी जोडली, ट्रेलरवर चढवली, फरशी पुसली, सतरंज्या अंथरल्या. वहिनींनी संजीवला आंघोळीला पिटाळलं आणि नंतर मसाला दुधाचे कप भरायला उभं केलं.

रविवारी पहाटेच इला ट्रेलर घेऊन गेली. साडेनऊला संजीव माझ्या दारात उभा, एका पायात मोजा, एका पायात नाही.

"यार, डावीकडच्या बेअरिंगचं कडं! स्क्रू नुसते बोटांनी फिरवले. टाइट करायचे राहिले."

"नक्की?"

"सुलेखाने हाक मारली तेव्हा पाना हातात होता माझ्या."

बेअरिंगला दांड्यावर घट्ट धरून ठेवणारं ते कडं सुटलं तर दांडा सरकतो, पट्टा अडकतो आणि पळत्या गाडीवरचा माणूस फेकला जातो. आदल्या दिवशी त्यानेच मला हे मोठ्या ऐटीत समजावलं होतं.

डोंगरात फोन लागत नाही, म्हणून लगेच निघालो. कार मी चालवली, त्याला चावी दिलीच नाही. दोन तास तो सीटबेल्ट काढत होता, लावत होता, फोन कानाला लावून शिव्या घालत होता.

"फास्ट ड्राइव्ह कर ना!"

"बर्फ आहे रे बाबा!"

मला त्याचा संताप आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. घाई काय त्याने एकट्याने केली होती?

तिच्या नेहमीच्या पार्किंग लॉटमध्ये ट्रेलर दिसला. स्नोमोबिल अजून त्याच्यावरच होती. शेजारी इला एकटीच थर्मासमधला चहा पीत बसली होती.

"स्क्रू लूज होते, बाबा," ती म्हणाली. "खाली उतरवण्याआधी चेक केलं. टाइट केले मी."

"मग गेली का नाहीस? मैत्रिणी कुठायत?"

"त्या गेल्या. आय वॉज वेटिंग."

"कशासाठी?"

"तुला आठवणारच होतं. मग तू येणारच होतास. इथे सिग्नल नाही, घाटात तुझाही नसतो. तू आलास आणि मी दिसलेच नसते तर?"

बर्फात गुडघे टेकून संजीवने दोन्ही स्क्रू पान्याने तपासले. घट्ट होते. मग तो तिथेच बसून रडायला लागला आणि इला "बाबा, स्टॉप, लोक बघतायत" म्हणत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.