चटई गुंडाळेपर्यंत

आमच्या तिमोरमध्ये तंटा मिटवायला चटई अंथरतात. मिटेपर्यंत ती कुणी उचलायची नाही, आणि गुंडाळली की त्यातलं काही पुन्हा उकरायचं नाही. आमच्या गावात हे काम एर्मेलिंडाताईचं. नव्याण्णव साली इंडोनेशियाधार्जिण्या मिलिशियाने गाव जाळलं, तिचा नवरा काएतानो याला उचलून नेलं. तेव्हापासून गावच्या विधवांची संघटना तीच चालवायची. तांदूळ वाटायची, भांडणं सोडवायची, आणि आळशांना शिव्याही तीच घालायची.

तीन वर्षांनी सीमेपलीकडच्या छावणीतून फिर्मिनो परतला. आमच्याच गावचा, आणि त्याच टोळीतला. ताईने स्वतः चटई अंथरली, सुपारी-पान ठेवलं. फिर्मिनो खाली मान घालून म्हणाला, "घरं जाळली. चूक झाली."

"आणि काएतानो?"

"मला ठाऊक नाही, ताई."

ताई चटईवर बसून राहिली. तिला शिक्षा नको होती, खटला नको होता. नवऱ्याची हाडं हवी होती, मेणबत्ती लावायला जागा हवी होती.

इकडे मदतसंस्थेने समेट झालेल्या गावांनाच छपराचे पत्रे द्यायचं ठरवलं होतं. कागदावरचं शहाणपण! पत्र्यांचा ट्रक फाट्यावर उभा, आणि आम्ही फाटक्या ताडपत्रीखाली, पावसात. तिसऱ्या दिवशी संघटनेच्याच बायका आल्या. लाज वाटते, पण पुढे मीच होते.

"ताई, पोरं तापाने फणफणलीत," मी म्हणाले. "मेलेल्यापायी जित्यांना किती भिजवणार?"

ताई उठली आणि चटई गुंडाळायला लागली. दुसरं टोक फिर्मिनोने धरलं. गुंडाळी पुरी झाली, दोरी बांधून झाली, तेव्हा कुठे तो पुटपुटला, "समुद्रात टाकलं, ताई. होडीतून नेऊन. मीच वल्हवत होतो."

आता त्याला कुणी काही विचारू शकत नव्हतं. पक्का हिशेबी. की ओझं सहन झालं नाही त्याला? मी आजही त्याला माफ केलेलं नाही.

ताईने चटई काखेत घेतली.

"पहिल्या दिवशी सांगायचंस, मेल्या," ती म्हणाली. "पोरं तीन दिवस उगाच भिजली."

मग ती फाट्याकडे निघाली. पत्रे उतरवून घ्यायला माणूस हवा होता.