पाठ फिरवणारे मास्तर

वडील लग्नसराईत ट्रम्पेट वाजवायचे, एरवी दुसऱ्याच्या उसाला पाणी धरायचे. इंदापूरच्या एका नावाजलेल्या बँडमास्तरांकडे ते शिकायला गेले, पण ऐन वरच्या सुराला मास्तर पाठ फिरवायचे. आपल्याला शिकवायचं नाही म्हणून ते पाठ फिरवतात, असं समजून वडिलांनी मी जन्मायच्या आधीच वाजवणं सोडलं. मी घरातला पहिला पदवीधर, पण त्या मास्तरांचा राग मलाही होता.

परवा बारामतीच्या एसटीत दोघे बँडवेडे त्यांच्याबद्दलच बोलत होते.

"आजबी पोरं त्यांच्यावानी पाठ फिरवून वाजवत्यात. पर माणूस लई घमेंडी."

पुढच्या सीटच्या दांडीवर बोटांनी ताल धरून बसलेला एक म्हातारा वळला.

"घमेंड न्हाय, बाबांनो. पुढचे दात पडले हुते. वरच्या सुराला तोंड वाकडं व्हायचं."

"तुमाला काय ठावं, आबा?"

"त्यांच्या बँडात ढोल माझा हुता. बाजूनं दिसायचं. 'घमेंडी म्हणू दे, बोळका नको,' म्हणायचा."

घरी येऊन मी वडिलांना हे सांगितलं. त्यांनी माळ्यावरून जुनं ट्रम्पेट खाली काढलं आणि पुसायला घेतलं.

रविवारी काटेवाडीत, आमच्या अंगणात, वडिलांनी ट्रम्पेट वाजवलं. मी ते पहिल्यांदाच ऐकलं.