मेश्राम सरांची लोखंडी खुर्ची

सर गेल्याची बातमी मला दादाच्या मुलीनं दिली. "काका, बाबानं सांगतलं का मेश्राम सर गेले." दादा मागे रस्त्यावर उभा, मान खाली. माझा सख्खा मोठा भाऊ, पण मरणाची बातमीसुद्धा अशी फिरून आली…

सरांनी केशोरीत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आवाज असा, की इथे त्यांनी डायरेक्टचं इनडायरेक्ट सुरू केलं की तिकडे सडक अर्जुनीच्या धाब्यावर ट्रकवाले वही काढायचे. वर्गात हुकमाच्या वाक्याला 'ऑर्डर्ड'ऐवजी 'रिक्वेस्टेड' लिहिलं, की मार्कासोबत कानही कापायचे. माझे दोन्ही शाबूत आहेत, हा चमत्कारच.

पुढे धानाच्या बांधीच्या, म्हणजे शेताच्या पाण्यावरून आम्हा भावांचं बोलणं तुटलं. गावात मोबाइलचा टॉवर आला, आमच्यात रेंज काही आली नाही. पण चहाला दोघंही सरांच्याच ओट्यावर. या टोकाला मी, त्या टोकाला दादा, मध्ये लोखंडी खुर्चीत सर.

"त्या गाढवाले सांगा सर, पानी सोड म्हना!" दादा ओरडायचा. अख्खी केशोरी ऐकायची. सर मात्र शांतपणे माझ्याकडे वळायचे, "ही रिक्वेस्टेड यू टू रिलीज द वॉटर."

"रिक्वेस्ट कुठची सर? गाढव म्हणून राहिला तो मले!"

"मी नाही आयकलं बा," सर म्हणायचे आणि चहा फुंकायचे.

मी पाणी सोडायचो. विनंतीला नाही कसं म्हणणार? असे किती पावसाळे सरांनी आमची भांडणं विनंत्या करून पोचवली… वर्गात आमचे कान कापणारा हा माणूस ओट्यावर रोज तीच चूक करायचा.

तेरवीनंतर सरांच्या घरच्या काकूंनी सवयीनं तीन कप ओट्यावर आणले. खुर्ची रिकामी. दादा तिच्याकडे बघून म्हणाला, "त्याले सांगा सर, आज घरी जेवाले ये म्हना."

आम्ही दोघंही थांबलो. खरंच थांबलो… खुर्ची काही वळली नाही.

मग दादाच वळला. डोळे लाल. "आयकलं का रे गाढवा?"

"आयकलं, दादा."

त्यानं सरांच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी खुर्चीवरून माझ्याकडे सरकवली.