हात न लावायचा कागद

"घे म्हणतो ना!"

"नाही लावत हात. काय करतं ते कर."

"देवकाबाई, कागद आहे हा. विंचू नाही."

"विंचू परवडला, कवडूभाऊ! तो चावला तर जामसांवलीच्या मारुतीले नारळ बोलता येते. तुह्या कागदावर उतारा आहे का?"

सौंसरच्या बसस्टँडवर, छिंदवाड्याची गाडी वळते त्या कोपऱ्यात, देवकाबाई दोन्ही हात पदराखाली लपवून बसली होती. पुढ्यात संत्र्यांचं टोपलं. टोपल्यापलीकडे सायकल धरून उभे कवडूमामा, सरकारी कचेरीच्या नोटिसा पोचवणारे. नोटिशीत लिहिलं होतं एवढंच : ही जागा का सोडणार नाही, ते गुरुवारी अकरा वाजता येऊन सांगावे. पंधरा वर्षं बसायची ती तिथं.

आमच्याकडे पक्का समज होता, की नोटिशीला हात लावला की ती लागू होते. नाही लावला तर सरकारचं काही चालत नाही. त्यामुळे बावीस वर्षं मामांची सायकल दिसली की गल्ली रिकामी व्हायची. एकदा रामाकोन्याला लग्नात मामा पिशवी घेऊन मांडवात शिरले, तर नवरदेवाचा बाप थेट कपाशीच्या पऱ्हाटीत पळाला. पिशवीत आहेराचं लुगडं होतं. ते शेवटी नवरीच्या आजीनं घेतलं, पण तिनंही आधी विचारलंच, "याच्यावर अंगठा तर नाही ना लावा लागत?"

मामांनी सायकल उभी केली आणि खालीच फतकल मारली. खिशातून नागपूरच्या वर्तमानपत्राची घडी काढली, आदल्या पावसाळ्यातली, पंच्याऐंशी सालची. दर रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की मामा संविधानाचं एक कलम वाचून दाखवायचे. ही बातमी मात्र त्यांनी लागोपाठ तीन रविवार वाचली होती.

"ऐक. मुंबईले फुटपाथवर राहणाऱ्या लोकायची केस दिल्लीच्या मोठ्या कोर्टात गेली. कोर्ट म्हणते, माणसाचं पोट मारलं म्हणजे जीवच मारला. कलम एकवीस."

"म्हणजे मले नाही उठवत?"

"उठवू शकते."

"मंग कायले वाचून राहिला बाप्पा!"

"उठवू शकते, पण तुहं ऐकून घेतल्याबिगर नाही. अन् ऐकाचं म्हणजे आधी हा कागद द्या लागते. तू हात लपवले तर मले 'घेण्यास नकार' लिहा लागन. मंग गुरुवारी साहेब तुह्यामाघारी हुकूम काढन. हा कागद तुले हाकलाले नाही आला, माय. बोलवाले आला."

देवकाबाईच्या पदराखालून एक हात निघाला, त्यानं कागद घेतला. दुसरा निघाला, त्यानं मामांपुढे संत्रं धरलं.

"ड्यूटीवर घेत नाही."

"सोलून देते. सोललेल्याले लाच नाही म्हणत."

गुरुवारी ती कचेरीत आली ती हिरवं लुगडं नेसून, वरातीला निघाल्यासारखी. मामा दाराशी उभे. बोलावलेलं माणूस कधी येतच नसे, म्हणून साहेबांनी एक सोय करून ठेवली होती : हुकूम आदल्या दिवशीच टाइप, आणि सहीसुद्धा आदल्या दिवशीच. देवकाबाईचा हुकूमही तसाच तयार होऊन टेबलावर पडला होता.

"बोलो," साहेब मान वर न करता म्हणाले.

"साहेब, मले वाचता नाही येत. पण हे खाली निळं आहे, ते तुमची सही न?"

"हां."

"वाळली पण. मी तर अजून तोंडच नाही उघडलं."

दोन टेबलांवरच्या बाबूंना एकदमच खोकला आला. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी तो हुकूम हळूच फाडला आणि कोरा कागद घेतला.

"अब बोलो."

"बस वळाले अडचण होते, मान्य. टोपलं दोन हात मागं घेते. हलवाचंच असन तर स्टँडातच दुसरी जागा दाखवा. गिऱ्हाईक बसमधून उतरते साहेब, कचेरीतून नाही."

साहेबांनी लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं : स्टँडात दुसरी जागा देईपर्यंत टोपलं दोन हात मागे, तिथंच राहील. देवकाबाईनं कोणी सांगण्याआधीच अंगठा पुढे केला.

ती गेल्यावर साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. नजर दाराकडे वळली.

"कवडू, ये सब इसको किसने सिखाया?"

मामांनी टेबलावरचा नोटिसांचा नवा गठ्ठा उचलून पिशवीत भरला. पिशवी खांद्याला अडकवली. आणि सायकलची किल्ली चाचपत ते बाहेर पडले.